साडेसहाची गाडी

१

"माझी पिशवी कुणी काढली?" कशिशनं विचारलं तेव्हा साडेनऊ वाजले होते, आणि मी तिच्याच घराच्या पडवीत बसून तिच्याच हातचा चहा पीत होते.

पहिल्यांदा तिनं सहज विचारलं. दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदा विचारताना तिचा आवाज फुटला आणि मी कप खाली ठेवला.

दाराच्या आतल्या खुंटीवर तिनं काल संध्याकाळीच पिशवी अडकवून ठेवली होती. पिशवीत फाईल. फाईलमध्ये दहावीपासून नर्सिंगपर्यंतच्या सगळ्या मूळ गुणपत्रिका, दाखले, निवडीचं पत्र. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून तिची निवड झाली होती. आज दुपारी दोनच्या आत कोल्हापुरात मूळ कागद दाखवायचे होते. नाही दाखवले तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या उमेदवाराला, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. आता तिथं फक्त खुंटी होती.

आम्ही तिथं काय करत होतो ते आधी सांगते, नाहीतर तुम्हीही आमच्यावरच संशय घ्याल. मी शालूबाई, राहणार गडमुडशिंगी. अठ्ठावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. वर्गात कुणाची कंपासपेटी गेली की हेडमास्तर शिपायाआधी मला बोलवायचे, एवढी माझी कीर्ती. आमचे हे, म्हणजे जोतीराम, बत्तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर. निवृत्त झाल्यावर माणसं झोपाळा घेतात, ह्यांनी एका शाळेची मोडीत काढलेली बस घेतली. दोन वर्षं खपून तिच्यात पलंग, शेगडी, बेसिन, कपाटं बसवली आणि बाहेरून लालभडक रंग दिला. पांढरा द्या, निळा द्या, म्हणून मी घसा कोरडा केला. "लाल सोडून दुसऱ्या गाडीत मला गिअरच सापडणार न्हाय," हे त्यांचं उत्तर.

या मे महिन्यात आम्ही दोघं पहिल्यांदाच त्या घरगाडीतून फिरायला निघालो. जोतिबा झाला, तिथला गुलाल अजून गाडीच्या पायरीवर आहे. खिद्रापूर झालं. पुढं कोकणात उतरायचं होतं. ज्या माणसानं अर्ध्या जिल्ह्याला समुद्र दाखवून आणला, त्यानं बायकोला काही दाखवला नव्हता. पण पलंगावरच्या गादीत कापसाचे गोळे झाले होते आणि माझी पाठ धरली होती. म्हणून सकाळी साडेसहाला कुरुंदवाडला निसार पिंजाऱ्याच्या दारात गाडी लावली. दारासमोर एसटीच्या जुन्या थांब्याची शेड आहे. बाहेरचा मोठा रस्ता झाल्यापासून वर्षभर इकडं एसटी येत नाही. तरी ह्यांनी गाडी बरोब्बर थांब्याच्या रेघेला लावली आणि सवयीनं दोनदा हॉर्न दिला.

"सगळं घर बघितलं, न्हाय पिशवी," कशिश म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

पडवीच्या कोपऱ्यात तिची आजी हाफिजाबी जपमाळ घेऊन बसली होती. वय ऐंशीच्या पुढं, एका डोळ्यात मोतीबिंदू. ती म्हणाली, "कशाला गं ओरडतीस? डबा दिला मी. डायवरकडं दिला."

"व्हय दादी, गेला डबा," कशिश तिच्याकडं न बघताच म्हणाली.

मी प्रश्नार्थक बघितलं, तर तिचे वडील निसार हळूच म्हणाले, "माझा पोरगा तोहिद कोल्हापुरात शिकत होता, तवा आम्मा रोज डबा करून द्यायची. दोन वर्सं झाली तो पुण्याला जाऊन. हिच्या ध्यानातच ऱ्हात न्हाय. रोज सकाळी विचारती, आमी बी रोज सांगतो, गेला डबा."

मी मान हलवली आणि तो विषय तिथंच सोडला. त्याची लाज मला अजून वाटते.

२

समोर बाळासोचं चहाचं दुकान. गलका ऐकून तो कमरेला फडका खोचलेला तसाच आला. आवाज असा, की नदीपलीकडच्या माणसालाही बातमी कळावी.

"पिशवी काय उडून गेली? सकाळपास्नं ह्या दारात परकं कोण आलंय? ही लाल गाडी! आत कपाटं हाईत, पलंग हाय. हत्ती लपवला तरी कळायचं न्हाय."

"ओ पावणं, तोंड सांभाळून," आमचे हे उठले.

"मग दावा की झडती!"

मला वाटलं, हे म्हणतील, या, बघा. लपवायला आमच्याकडं होतं काय? पण ह्यांचा चेहरा एकदम आक्रसला. "झडती द्यायची न्हाय," ते म्हणाले. "बत्तीस वर्सं गाडी मारली. माझ्या गाडीत कुणी हात घातला न्हाय. आज बी घालू द्यायचा न्हाय."

दहा-बारा माणसं जमली होती. एकमेकांकडं बघायला लागली. बाळासोनं जाऊन आपली मोटरसायकल आमच्या बसच्या नाकासमोर आडवी लावली आणि किल्ली खिशात टाकली. "पिशवी गावल्याबिगार गाडी हलायची न्हाय."

बाळासोची भीती नव्हती. मला भीती वाटली ती माझ्या नवऱ्याची. अडतीस वर्षांचा संसार आहे. हे खरं बोलताना डोळ्यांत बघतात आणि खोटं बोलताना मिशीवरून बोट फिरवतात. आत्ता बोट मिशीवर होतं.

चष्मा आणायच्या निमित्तानं मी गाडीत चढले. आत शिरताच नाकात वास भरला. लसणाची चटणी! ह्यांना साखर आहे, पित्त आहे, माझ्या गाडीत तेल थेंबानं मोजलं जातं. म्हणजे माझी पाठ वळताच कुठंतरी हादडलं होतं. तोंडावर आलेलं सगळं गिळलं. आत्ता वेळ नव्हती. घड्याळात पावणेदहा झाले होते आणि कोल्हापूर दीड तासावर होतं.

बाहेर येऊन मी कशिशचा हात धरला. "बाळ, मी मास्तरीण आहे. हरवलेली वस्तू शोधायची एकच रीत मला येते. प्रत्येकाला समोर उभं करून विचारायचं. चालेल?"

ती नाक पुसत म्हणाली, "काय बी करा बाई, पण पिशवी गावली पायजे."

३

"पिशवी कशी होती?" मी पहिला प्रश्न तिलाच केला.

"गादीच्या पट्ट्यापट्ट्याच्या कापडाची. आमच्यात सगळ्या पिशव्या त्याच. ही तोहिदभाईची जुनी होती. बूड सपाट हाय, फाईल मुडपत न्हाय, म्हणून घेतली."

"शेवटची कधी बघितलीस?"

"काल सांजचं. आज उठायलाच सात वाजले. मग आंघोळ, सैपाक. खुंटीकडं बघितलंच न्हाय."

म्हणजे सात ते साडेनऊ. किंवा सातच्याही आधी. मी मनात टिपून ठेवलं.

पडवीच्या खांबाला टेकून एक मुलगी उभी होती. कशिशच्याच वयाची, अंगावर इस्त्रीचा पंजाबी ड्रेस, खांद्याला ही मोठी पर्स. ती मेहक, निसारच्या भावाची मुलगी. दोघी एकाच वर्गात शिकलेल्या. ती आठ वाजता आली होती, कशिशला नवं पेन द्यायला.

"आणि प्रतीक्षा यादीत पहिला नंबर कुणाचा?" मी विचारलं.

मेहकच म्हणाली, "माझा."

बाळासोनं तोंडानं 'च्यक्' केलं. मी त्याच्याकडं असं बघितलं, की तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला असणार हे मला कळलं. लगेच गप्प बसला.

"आल्यावर कुठं कुठं गेलीस?"

"इथंच बसली. मग तुमची गाडी बघायला गेली. डायवरच्या सीटवर बसून फोटू काढला." तिनं मोबाईल दाखवला. फोटोत स्टिअरिंगमागं ती, शेजारी इंजिन झाकणाऱ्या बॉनेटवर ह्यांचा ओला टॉवेल वाळत घातलेला. गाडीत तार बांधून दिली, तरी हे टॉवेल त्या गरम बॉनेटवरच टाकणार.

एवढ्यात कशिश पुढं झाली. तिनं मेहकच्या खांद्यावरची पर्स ओढली आणि जमिनीवर उपडी केली. कंगवा, रुमाल, पाण्याची बाटली, आणि एक निळी फाईल. मेहकच्या स्वतःच्या मूळ गुणपत्रिका. सगळ्या.

"तू तुझे कागद घिऊन आलीस!" कशिश ओरडली. "तुला ठावं होतं मी आज जाऊ शकणार न्हाय!"

मेहकनं फाईलमधून एक पत्र काढून पुढं धरलं. "वेटिंगवाल्यांनी पण हजर ऱ्हायचं असं पत्र आलंय. तुला सांगायची लाज वाटली मला. तू आत जाणार आणि मी दाराशी कुणीतरी पडायची वाट बघत बसणार, हे काय सांगू? दोन मार्कांनी मागं ऱ्हायली मी, कशे. दोन मार्कांनी."

पत्र खरं होतं, मी वाचलं. पण पत्र खरं असलं म्हणून माणूस खरा असतो असं नाही. जमलेल्या प्रत्येकाच्या नजरेत मेहक चोर ठरून गेली होती. ती खाली बसून आपल्या वस्तू गोळा करत होती आणि मदतीला एकही हात पुढं येत नव्हता. मी वाकून कंगवा उचलून दिला. संशय मलाही होताच, पण कंगवा उचलायला काय हरकत आहे.

४

उरले निसार. ह्या घरात कशिशच्या नोकरीला कुणाचा विरोध असेल तर तो त्यांचाच, असं बाळासोनं मला बाजूला घेऊन कानात सांगितलं होतं. "लगीन करायचं म्हनत होता गडी. पोरगी कुटं लांब टाकतील म्हणून झोप न्हाय त्याला."

निसार कारखान्यात होते. कारखाना म्हणजे घराशेजारचं पत्र्याचं शेड. सगळीकडं कापूस उडालेला, त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या. आमची गादी पिंजून, भरून, शिवून भिंतीला उभी होती.

"निसारभाई, तुम्ही आमच्या गाडीत शिरला होता."

"व्हय की. साडेसातला मागच्या दारानं गादी काढली. तुमीच व्हता तिथं."

"आणि गादी दोन तासांत शिवून तयार? एरवी दिवस लावता म्हणे."

ते हसले नाहीत. "पोरगी जाणार, तिला मोठ्या रस्त्याला इष्टीपतूर सोडायचं, म्हणून हात चालवला."

मी गादीकडं बघितलं. सपाट फाईल लपवायला भरलेल्या गादीसारखी जागा नाही, आणि गादी आज आमच्याबरोबर कोकणात निघाली होती. "ही उसवा," मी म्हणाले.

निसारनी माझ्याकडं एकदा रोखून बघितलं. मग दाभण घेतलं आणि सर्रकन टाका उसवला. कोपरापर्यंत हात घालून कापूस बाहेर काढला. कापूसच होता. मी खाली मान घातली.

मान घातली म्हणून ते दिसलं. कोपऱ्यात, पोत्याखाली झाकलेली एक लहान गादी. एका माणसाची. नव्या कोऱ्या कापडाची.

"ती कुणाची?"

"गिऱ्हाईकाची."

"ती पण उसवा."

निसार उठले आणि त्या गादीच्या समोर जाऊन उभे राहिले. "बाई, तुमची गादी उसवली. ह्या गादीला हात लावायचा न्हाय."

"का?"

"न्हाय म्हटलं न्हवं?" त्यांचा आवाज चढला. दारात येऊन उभ्या राहिलेल्या कशिशनं ते ऐकलं. "अब्बा?" एवढंच ती म्हणाली. त्या एका शब्दात इतकं काही होतं, की निसारनी तोंड फिरवलं.

अकरा वाजले होते.

५

तीन माणसं आणि तिघांकडंही लपवाछपवी. मेहकची फाईल, निसारची गादी, आणि माझ्या नवऱ्याची मिशी. दोघं परके होते. तिसऱ्याला विचारायचा हक्क मला होता.

हे गाडीच्या पायरीवर पहारा देत बसले होते. मी त्यांना आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

"झडती का दिली नाहीत?"

"माझी इज्जत..."

"बोट खाली घ्या. मिशीवरचं."

बोट खाली आलं. मग हे एखाद्या तिसरीतल्या पोरासारखे उठले, पाण्याच्या टाकीमागचं कपाट उघडलं आणि आतून एक स्टीलची किटली काढली. "बासुंदी हाय. कुरुंदवाडात यायचं आणि बासुंदी घ्यायची न्हाय, हे मनाला पटंना. सकाळी तू आंघोळीला गेल्यावर आणली. झडतीत निघाली असती तर तू चारचौघांत..."

बासुंदी! साखरेची बासुंदी, आणि तिच्यासाठी गावानं आम्हाला चोर ठरवलेलं! मला राग आला, आणि त्याच वेळी एवढं हायसं वाटलं, की हसू येईल की रडू तेच कळेना.

"आणि लसणाची चटणी कुठाय?"

"कसली चटणी?"

"वास येतोय सकाळपासून."

ह्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. सरळ. "बाई, बासुंदी माझी. चटणी माझी न्हाय."

मग चटणी कुणाची? मी वाकून बघायला लागले. पुढच्या दाराच्या पायरीवर, जोतिबाच्या गुलालाच्या डागावरून, मुंग्यांची रांग चढत होती. वर चढून ती ड्रायव्हरच्या शेजारी, इंजिनवरच्या बॉनेटकडं जात होती. बॉनेटवर नेहमीचा पसारा. जुने पेपर, नकाशा, त्यावर टॉवेल. मुंग्या टॉवेलाखाली शिरत होत्या.

मी टॉवेल उचलला.

गादीच्या कापडाची पट्ट्यापट्ट्याची पिशवी. तिच्यावर लाल दोऱ्यानं टाचलेलं नाव, 'तोहिद'.

६

आम्ही दोघं पिशवीवर वाकलो. बाहेर बाळासोचा आवाज चालूच होता.

"शाले," हे कुजबुजले. एरवी मला 'बाई' म्हणतात, घाबरले की 'शाले'. "आपण हळूच मागच्या दारानं जाऊन त्यांच्या घरात ठिवूया. कुणाला कळायचं न्हाय."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही तेच वाटलं. पण पिशवी अशी आपोआप सापडली असती, तर ती मेहकनंच ठेवली असं सगळं गाव जन्मभर म्हणालं असतं. दोन बहिणी जन्मभर एकमेकींचं तोंड बघणार नव्हत्या. फाईल परत करून भागणार नव्हतं, ती कशी गेली हेही सांगायला हवं होतं. आणि घड्याळात सव्वाअकरा.

मी पिशवी उघडली. फाईल होती, सगळे कागद जागच्या जागी. पण फाईलच्या वर पेपरात गुंडाळलेल्या दोन कडक भाकऱ्या, लसणाची चटणी आणि एक कांदा होता.

"चोरी करणारा माणूस वर भाकरी कशाला ठेवील हो?" मी मोठ्यानं म्हणाले.

"चोरी कसली?" हे सहज म्हणाले. "डबाच हाय की हा."

"काय म्हणालात?"

"डबा! शिकणाऱ्या पोराचा डबा. खेड्यातल्या आया सकाळच्या गाडीत आणून हितं बॉनेटवरच ठेवत्यात. पुढच्या दाराची एक पायरी चढली की हात पोचतोय. बोलायची बी गरज नसती. पिशवीवर नाव असतंय. कोल्हापूर स्टँडवर पोरगं येतं, आपली पिशवी उचलतं, जातं. बत्तीस वर्सांत किती डबं नेलं असतील मी..." बोलता बोलता हे थांबले. माझ्याकडं बघितलं, मग खिडकीतून पडवीकडं बघितलं. "शाले, साडेसहाची गाडी. लाल. दोन हारन."

मी पिशवी छातीशी धरली आणि दार उघडलं.

"पिशवी सापडली," मी सगळ्यांना म्हणाले. "आमच्याच गाडीत होती."

"बगा! मी म्हटलंतं न्हवं!" बाळासो उडालाच.

"बाळासो, खाली बस." तो खरंच बसला. "ऐका आता. तुम्ही सगळे फाईल शोधत होता. फाईल कुणी नेलीच नाही. नेणाऱ्यानं फाईल बघितलीसुद्धा नाही. त्यानं पिशवी नेली. ज्याला कागद हवे असते त्यानं कागद काढून पिशवी खुंटीवरच ठेवली असती, म्हणजे संध्याकाळपर्यंत कुणाला कळलं नसतं. इथं उलट झालंय. काढलं काहीच नाही, भर घातलीय. भाकरी, चटणी, कांदा. मेहकला जागा हवी असती तर तिनं कशिशला जेवण बांधून दिलं नसतं. निसारभाईंना कागद दडवायचे असते तर त्यांना शेडभर कापूस होता. आणि ठेवलं कुठं? कपाटात नाही, पलंगाखाली नाही. उघड्या बॉनेटवर, जिथं एसटीत डबे ठेवतात. वर टॉवेल आमच्या ह्यांनी टाकला, नंतर. ज्यानं ठेवलं त्यानं काहीही लपवलं नव्हतं. उलट त्यानं सकाळपासून आपल्याला दहादा सांगितलंय."

मी पडवीच्या कोपऱ्यात गेले आणि हाफिजाबींसमोर बसले.

"मावशी, आज डबा कुणाकडं दिला?"

"सांगून सांगून जीव दमला माझा," म्हातारी वैतागून म्हणाली. "किती दिस गाडी आली न्हवती. आज आली. लाल गाडी, दोन हारन दिलं. खुंटीवर तोहिदची पिशवी भरून ठेवल्याली. हातात घेतली तर हलकी लागली. पोरगं उपाशी ऱ्हाईल म्हणून भाकरी घातली. डायवर खाली उतरलता, मग मीच चढून ठेवली बॉनेटवर."

निसार पुढं झाले. "आम्मा! काय केलंस तू हे!"

कशिशनं त्यांचा हात धरला. "न्हाय अब्बा. दादी खरं बोलत होती. रोज 'गेला डबा' म्हणून आपणच खोटं सांगायचो, म्हणून आज खरं सांगितलेलं ऐकूच आलं न्हाय."

मीही ऐकलं नव्हतं. सगळ्यांना समोर उभं करून विचारलं, फक्त हिला विचारलं नाही. अठ्ठावीस वर्षं मुलांना सांगितलं, मागच्या बाकावरच्याचंही ऐका, आणि स्वतः तेच केलं. मला फार वाईट वाटलं.

"साडेअकरा झालं," आमचे हे म्हणाले. आवाज एकदम बदलला होता. ड्यूटीवरचा. "बाळासो, ती मोटरसायकल काढा. गाडी सुटायची वेळ झाली."

बाळासो उठला. नुसती मोटरसायकलच नाही काढली, पुढं पळत जाऊन रस्त्यातल्या दोन म्हशीही हाकलल्या.

गाडी चालू झाली, तेवढ्यात निसार शेडमधून धावत आले. डोक्यावर ती लहान गादी. "ही बी टाका," म्हणाले. "नेमणूक कुटं देतील, हॉस्टेलात कसल्या फळ्या असतील. लांब जाऊ नगं म्हणत होतो, आणि रातचं जागून ही शिवत होतो. कुणाला सांगायचं, म्हणून झाकून ठेवलती." कशिश त्यांच्या गळ्यातच पडली. मी उसवायला निघाले होते ती हीच गादी.

७

मेहक मागच्या सीटवर खिडकीकडं तोंड करून बसली होती. कशिश पुढं. हातकणंगले मागं पडलं. मग कशिश उठली, मागं गेली आणि भाकरी मोडून अर्धी मेहकपुढं धरली.

"माझं चुकलं, मेहक. तुझी पर्स उपडी केली मी, सगळ्यांच्या समोर."

मेहकनं भाकरी घेतली. "कांदा कुटाय?" ती म्हणाली.

एक वीसला गाडी कोल्हापुरात पोचली. तपासणीच्या टेबलावरच्या साहेबांनी बारावीची गुणपत्रिका उजेडात धरून विचारलं, "ह्यावर हा तेलाचा डाग कसला?" कशिश म्हणाली, "आज्जीनं डबा दिलता, सर." त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं आणि शिक्का मारला. मेहकचं नाव पुकारलं गेलं नाही. ती बाहेर बाकावर बसली होती. कशिश येताच उठून तिनं तिला मिठी मारली, आणि मिठीतच रडली. ते रडणं कशाचं होतं ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी आम्ही परत कुरुंदवाडला आलो. आमची गादी अजून उसवलेलीच होती. हाफिजाबी पडवीतच होती. तिनं ह्यांना हाक मारली. "डायवर, डबा पोचला?"

"पोचला मावशी."

"भाकरी खाल्ली का माझ्या तोहिदनं?"

ह्यांना 'व्हय' म्हणून मोकळं होता आलं असतं. सगळं घर रोज तेच करत होतं. पण ह्यांचा हात मिशीकडं गेला नाही. "त्यो डबा कशिशनं खाल्ला, मावशी," ते म्हणाले. "तोहिदचा ऱ्हायलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, नव्या शिवलेल्या गादीसकट, आम्ही निघालो. ह्यांनी दोनदा हॉर्न दिला. दारात हाफिजाबी उभी होती, हातात पट्ट्यापट्ट्याची पिशवी. ह्यांनी खाली उतरून ती दोन्ही हातांनी घेतली.

कोल्हापूरजवळ मोठ्या रस्त्याला लागल्यावर ह्यांनी गाडी कडेला घेतली. सरळ गेलं की कोकण, वळलं की पुणे. इंजिन चालू ठेवून हे माझ्याकडं बघत बसले. अडतीस वर्षं मी समुद्राचं नाव काढत आले होते, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"माझ्याकडं काय बघताय?" मी म्हणाले. "समुद्र काय उठून जातोय होय? तोहिदचा पत्ता कशिशकडून घेतलाय मी."

गाडी पुण्याच्या रस्त्याला वळली. आत लसणाच्या चटणीचा वास भरून राहिला होता. पिशवी बॉनेटवर होती, आणि ह्यांनी टॉवेल तारेवर वाळत घातला होता.